पाळी संपताच थेट यावे

आईच्या छातीत गाठ आहे हे मला कळलं तेव्हा मी भाषाविज्ञानाचं पुस्तक वाचत होतो. वाचत होतो म्हणजे पुस्तक उघडं होतं. बदलापूरला कात्रपमध्ये आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणी कुजबुजलं तरी आत ऐकू येतं. आई आणि शेजारची मावशी फर्स्ट शिफ्ट करून नुकत्याच आल्या होत्या. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. दोघी अंबरनाथच्या एमआयडीसीत एकाच औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत, एकाच बसने जातात-येतात, म्हणून ती मावशी.

मावशी विचारत होती, दुखतं का म्हणून. आई म्हणाली, "दुखत नाही ना, म्हणून तर भीती वाटते."

मग मावशीने डॉक्टरला दाखव म्हटलं, आईने बघू म्हटलं, आणि दोघी पुढच्या आठवड्यात नाईट कुणाची यावर बोलायला लागल्या.

खरं तर ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. मी उठून दार उघडायचं आणि म्हणायचं, आई, उद्या दवाखान्यात जाऊ. त्याऐवजी मी पान उलटलं.

मी काही दुष्ट मुलगा नाही. पण आमच्या घरात आईच्या शरीराबद्दल बोलायची एक ठरलेली हद्द आहे. आईला डोकं आहे, कंबर आहे आणि पाय आहेत. तिन्ही दुखतात आणि तिन्हींवर बाम लावता येतो. यांच्या मधलं काही आमच्या घरी नाही. बाबा टेम्पो चालवतात, आठवड्यातले निम्मे दिवस नाशिक रस्त्यावर असतात. त्यांना सांगावं तर ते मलाच विचारणार, तुला कसं कळलं. मी घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. लाइट बिल जास्त आलं तर मला विचारतात, रेशन कार्डावरचं नाव चुकलं तर मला पाठवतात. आणि मला आईला एक वाक्य विचारता येईना.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ती पीठ मळत होती तेव्हा मी विचारलं, "आई, बरं आहे ना?" तिने वर बघून विचारलं, "तुला काय झालंय? पेपर अवघड गेला का?" मी म्हटलं, सोपा होता. तेवढ्यावर ते संभाषण संपलं.

मग मी शिकलेला माणूस करतो ते केलं. मोबाइलवर वाचायला घेतलं. गाठ कशी असते, कधी घाबरायचं, कोणत्या तपासण्या असतात. एका पानावर हाताने कसं तपासायचं याची चित्रं होती. नेमकी ती उघडी असताना आई मागून पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी फोन इतक्या घाईने उलटा केला की निष्पाप माणूस तसा करूच शकत नाही. तिने फोनकडे पाहिलं. ग्लास ठेवला आणि आत गेली. रात्री बाबांचा फोन आला. ते आधी हवेबद्दल बोलले, मग म्हणाले, या वयात मन भटकतं, पण अभ्यासाचं वर्ष आहे. मी "हो बाबा" म्हटलं. घाणेरडं बघतो हा आरोप मी मुकाट स्वीकारला, कारण खरं कारण सांगणं त्याहून अवघड होतं. नंतर कितीतरी दिवस मी पुस्तक हातात घेतलं की आई खात्री करायला डोकावून जायची.

अशा अवस्थेत मला शिबिराची कल्पना सुचली. आमच्या कॉलेजात समाजसेवेची एक तुकडी आहे, मी तिच्यात आहे. दरवर्षी आम्ही झाडं लावतो आणि दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावतो. मी तुकडीच्या सरांना जाऊन म्हटलं, यंदा काही वेगळं करू या, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी तपासणी शिबिर घेऊ या. त्यांना दवाखान्याची वेळ जमत नाही, सकाळचा दवाखाना उघडतो तेव्हा त्या एक तर कामावर असतात नाही तर नाईट करून झोपलेल्या. सर हे ऐकून फारच खूश झाले. एवढा सामाजिक विचार, असं म्हणाले. एका बाईशी बोलायचं टाळण्यासाठी मी अख्ख्या एमआयडीसीसाठी शिबिर घेतोय हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

सरांच्या ओळखीने उल्हासनगरच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम यायला तयार झाल्या. कंपनीच्या बसथांब्याजवळ एका मंडळाचा हॉल मिळाला. वेळ अशी ठरवली की नाईट सुटली तरी येता येईल आणि फर्स्ट सुटली तरी. आईची त्या आठवड्यात फर्स्ट होती, हेही मी बघून ठेवलं होतं. राहिला फक्त फलक.

मी बीएला मराठी घेतलंय. आमच्या मराठीच्या सरांचं म्हणणं असं की आपल्या भागात मराठीची खिचडी झाली आहे. शेजारी हिंदी, बाजारात सिंधी, कामावर इंग्रजी, आणि आपण सगळ्यांच्या मधे. मला ते मनापासून पटलेलं होतं. त्या वर्षी मी इतका शुद्ध बोलायचो की रिक्षावाले मला बाहेरगावचा समजायचे. फलकाचा मजकूर मी लिहायला बसलो तेव्हा माझी सगळी शक्ती 'स्तन' हा शब्द लिहिण्यात गेली. 'छाती' लिहिलं तर क्षयरोगाचं वाटेल, आणि काहीच न लिहिता 'महिलांचे आजार' लिहिणं भ्याडपणाचं वाटलं. मी तो शब्द वहीत लिहून पाहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिला, आई सेकंडला गेलेली असताना. त्या एका शब्दात मी इतका गुंतलो होतो की बाकीचा मजकूर कसा लिहून झाला ते कळलंही नाही. तो असा होता:

पाळीत काम करणाऱ्या भगिनींसाठी मोफत स्तन कर्करोग तपासणी. पाळी संपताच थेट यावे. कोणतीही पाळी चालेल. पाळी चुकवण्याची गरज नाही.

शिफ्टला मराठीत पाळी म्हणतात. वर्तमानपत्रात रात्रपाळी, दिवसपाळी असं छापून येतं. मी चूक काहीच केली नव्हती. मराठीच्या सरांना मजकूर पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "उत्तम. निर्दोष भाषा." खाली जोडलेले हात.

फ्लेक्स छापायला मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनला गेलो. तिथला दुकानदार सिंधी काका, माझ्या बाबांपेक्षा मोठे. संगणकावर अक्षरं लावता लावता त्यांचा हात थांबला. "बेटा, ये पाळीवाला लाइन ऐसाही रखना है?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, त्यांच्या दुकानात मराठी पोरी कामाला आहेत, त्या हा शब्द दुसऱ्याच गोष्टीला वापरतात. मी त्यांना समजावून सांगितलं की एका शब्दाला दोन अर्थ असू शकतात आणि संदर्भाने योग्य तो कळतो. बहुधा 'अनेकार्थता' हा शब्दही वापरला असेल. काका माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक है साईं, भाषा तुम्हारी है." आणि छापून दिला. गुलाबी रंगात.

फ्लेक्स कंपनीच्या गेटसमोर, बसथांब्याच्या कुंपणाला बांधला. सेकंडच्या बायका आत चालल्या होत्या, फर्स्टच्या बाहेर पडत होत्या. दोन्ही घोळके थांबले, वाचलं आणि हसले. काहीजणी एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. मला वाटलं, मी समाजातलं मौन तोडलं.

शिबिराच्या दिवशी मी दाराशी टेबल टाकून बसलो. पडद्याआड डॉक्टर मॅडम आणि त्यांच्या सिस्टर. कोण कोणत्या शिफ्टमधून आलंय हे लिहून घ्यावं अशी माझीच सूचना होती, म्हणजे पुढच्या वेळी सोय करता येईल. पहिली बाई आली, बाई कसली, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी पेन उघडून विचारलं, "ताई, पाळी कधी संपली?"

तिने मान खाली घातली. हळूच म्हणाली, "परवा."

"परवा? मग आज का आलात? फलकावर लिहिलंय ना, संपताच थेट यावे."

"परवा सुट्टी नव्हती," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, बिचारीला नियम मोडल्याचं वाईट वाटतंय. मी उदारपणे म्हटलं, हरकत नाही, बसा. दुसरीला मी जरा सविस्तर विचारायचं ठरवलं. "पहिली, दुसरी की तिसरी?"

"काय?"

"पाळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मागच्या दोघींनी तोंडावर ओढणी धरली. त्यातली एक म्हणाली, "दादा, ते मोजत नाही कुणी." मागच्या रांगेतून एक आवाज आला, "याला कुणी बसवलंय इथं?"

पडदा बाजूला झाला आणि सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर लावलेल्या जास्तीच्या फ्लेक्सकडे. पूर्ण वाचला. मग माझ्या खुर्चीजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुला शिफ्ट म्हणायचं होतं का?"

मी म्हटलं, "शिफ्ट इंग्रजी आहे."

"ऊठ इथनं," त्या म्हणाल्या.

मी उठलो. उठता उठता फलकावरच्या चारही ओळी मला एकामागून एक नव्याने समजत गेल्या. शेवटची ओळ समजली तेव्हा मी हॉलच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तिथे मंडळाच्या गणपतीचं मखर ठेवलेलं होतं. त्याच्या मागे लपता येईल का हेही मी बघून ठेवलं.

लाज वाटण्याचं ते सगळ्यात मोठं कारण नव्हतं. ते थोड्या वेळाने डॉक्टर मॅडमनी सांगितलं. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळ्या पंचवीस-तिशीच्या कशा आल्यात? पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या कुठे आहेत? खरी काळजी त्यांची असते. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, त्यांची बंद झाली. त्यांना वाटलं, हे आपल्यासाठी नाहीच."

फर्स्ट सुटली होती. मी धावत बसथांब्यावर गेलो. बस निघून गेली होती. आई तिच्यात बसून, हॉलच्या दारावरून, घरी गेली होती. एवढ्या मोठ्या एमआयडीसीतून नेमक्या जिला बोलवायचं होतं तिलाच येऊ नको असं मी गुलाबी अक्षरांत छापून कळवलं होतं.

सिस्टर मात्र माझ्यासारख्या खचल्या नाहीत. थांब्यावर जाऊन त्यांनी तिथल्या बायकांना मराठीत, हिंदीत, जमेल तसं सांगितलं, ज्यांची बंद झाली त्यांनी पण या, त्यांनी तर याच. थोड्या आल्या. उरलेला दिवस मी खुर्च्या उचलल्या. मला दुसरं काही द्यायला कुणी तयार नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. मी चप्पल काढतानाच विचारलं, तू का नाही आलीस.

"कुठे?"

"शिबिराला. गेटसमोर बोर्ड होता."

ती म्हणाली, तिथं माझं काय काम, बोर्डवर लिहिलंय ना, पाळी झाली की या. मग थांबली. पाळी हा शब्द ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलली होती, आणि तो माझ्या तोंडून निघालेल्या विषयामुळे. "आणि तुला रे काय करायच्यात बायकांच्या चौकशा?"

"आई, पाळी म्हणजे शिफ्ट."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग वळली. "तो बोर्ड तू लिहिलास?"

मी मान हलवली.

ती हसायला लागली. पिठाचे हात तसेच धरून, भिंतीला टेकून. बसमध्ये आठवडाभर त्यांना दुसरा विषय नव्हता म्हणे. चुकवण्याची गरज नाही, हे तर मावशी रोज म्हणून दाखवायची. कुठल्या गाढवाने हे लिहिलं असेल, त्याला आई-बहीण आहे की नाही, असं आईनेच विचारलं होतं आणि सगळी बस हसली होती. "तो गाढव माझ्याच घरात निघाला," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली, मनगटाने.

ती हसत होती म्हणून मला बोलता आलं असावं. ती गंभीर असती तर मी पुन्हा पान उलटलं असतं. मी म्हटलं, "ते मी तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"काय?"

"शिबिर. तुझ्या गाठीसाठी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने गॅस बंद केला. भाकरी तशीच राहू दिली.

"कुणी सांगितलं तुला? मावशीने?"

"नाही. मीच ऐकलं. पॅसेजमधलं. दिवाळीच्या आधी."

तिने परातीतलं पीठ उगाच एका बाजूला सारलं. मग म्हणाली, "आणि ते मोबाइलमधलं?"

"तेच वाचत होतो."

तिने पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. "अरे देवा. आणि मी तुझ्या बाबांना सांगितलं, मुलगा हाताबाहेर गेला."

"त्यांनी मला समजावलं," मी म्हटलं. "चांगलं समजावलं."

मला वाटलं ती पुन्हा हसेल. ती पाट ओढून खाली बसली. म्हणाली, दाखवणारच होते. तुझं लास्ट इयर होऊ दे म्हटलं. मी विचारलं, त्याचा याच्याशी काय संबंध. ती म्हणाली, "मध्येच काही निघालं तर तू कॉलेज सोडून कुठल्या तरी कंपनीत चिकटशील. मी ओळखते तुला. एकदा हातात डिग्री आली की मग काय ते निघू दे."

माझी परीक्षा एप्रिलमध्ये होती. ती गाठ अंगात ठेवून माझ्या एप्रिलची वाट बघत होती. मी काहीतरी चांगलं, तिच्या कायम लक्षात राहील असं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मग मी नापासच होतो. म्हणजे तुला थांबायचं कारण उरणार नाही."

"नापास हो आणि बघ मग," ती म्हणाली. उठली, करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली. जेवताना तिने अटी घातल्या. नक्की कळेपर्यंत बाबांना सांगायचं नाही. आणि दवाखान्यात मी तोंड उघडायचं नाही.

दुसरी अट मी सहज पाळली. डॉक्टर मॅडमच्या रुग्णालयात तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाक आहे, त्यावर सगळ्या बायका आणि मी. माझ्याकडे बघून प्रत्येक नवी आलेली बाई दारावरची पाटी पुन्हा वाचायची. त्या आठवड्यात आईची नाईट होती. ती कामावरून परस्पर तिथे यायची, डोळे लाल, डब्याची पिशवी हातात. मशीनमध्ये दाबून फोटो काढला. बाहेर आल्यावर मी डोळ्यांनीच विचारलं. म्हणाली, जीव जातो, पण लगेच संपतं. मग सोनोग्राफी, मग सुई. गाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि आम्हाला पुन्हा यायला सांगितलं.

मधले दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. आई कामावर जात होती, दुपारी झोपत होती, म्हणजे डोळे मिटून पडत होती. जांभूळ गावाहून मामाचा फोन आला की सगळं ठीक म्हणत होती. एका दुपारी तिने मला उठवून दाखवलं, विम्याचे कागद कुठे असतात आणि बाबांच्या गोळ्या कोणत्या डब्यात. मी "माहितीये" म्हणत होतो. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, पण तिने दाखवत राहू नये एवढंच मला वाटत होतं.

निकालाच्या दिवशी ती एकटीच आत गेली. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा माहितीचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होतो, एक अक्षर डोक्यात जात नव्हतं. दार उघडलं. ती पदर नीट करत बाहेर आली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कॅन्सर नाही. पाण्याची गाठ होती. सहा महिन्यांनी परत दाखवायचंय, मग दर वर्षी."

मी उभा राहिलो. काय करावं ते कळेना म्हणून तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली.

"रडतोस काय," ती म्हणाली. "चल, मला झोप आलीये."

बदलापूर स्टेशनबाहेर आम्ही शेअर रिक्षात बसलो. आई मधे, मी कडेला. रिक्षा निघाली आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली. तोंड थोडं उघडं. घोरत होती, अगदी बारीक. तिला अशी झोपलेली मी कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती. पलीकडची बाई आमच्या आधीच उतरली. आमचा नाका आला तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी मान हलवून पुढे चल अशी खूण केली. तो पुढे गेला. खरं तर पुढे जाऊन काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर त्याने रिक्षा लावली, आणखी थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, भाऊ, रांगेत नंबर लावायचाय मला.

आई दचकून उठली. इकडेतिकडे बघितलं. "हे कुठे आणलंस?"

मी म्हटलं, लक्षातच आलं नाही.

"लक्षात आलं नाही? रोजचं घर कळत नाही याला," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "कॉलेजात जातो." मग उतरली, पदर खोचला आणि आल्या रस्त्याने परत चालायला लागली, भरभर, मी मागे येतोय की नाही हेही न बघता.